ऑल-इन-वन घेताय? आधी वॅट विचारा

नागपूरच्या सीताबर्डीतल्या दुकानांत डेस्कटॉप घ्यायला गेलेल्या माणसापुढे आजकाल दोन पर्याय मांडले जातात. एक, असेम्बल केलेला पीसी: काळे कॅबिनेट, वेगळा मॉनिटर, टेबलाखाली वायरींचा गुंता. दुसरा, ऑल-इन-वन: २४ इंची पडदा, त्यामागे दोन बोटांची पाठ, एकच वायर आणि मोकळे टेबल. दोन्हींवर 'आय५' लिहिलेले, दोन्हींत १६ जीबी रॅम, दोन्हींत ५१२ जीबीची एसएसडी. किमतीही एकमेकींपासून फार लांब नसतात. मग देखणे आहे तेच घ्यावे असे वाटणे साहजिक आहे. दवाखाने, सीएंची कार्यालये, शाळांचे प्रवेश-काउंटर, हॉटेलांचे रिसेप्शन इथे ऑल-इन-वन भराभर आले ते त्यामुळेच. आता ते बारावीच्या मुलामुलींच्या टेबलावरही पोचले आहेत.

त्या दोन 'आय५'मध्ये मात्र मोठा फरक आहे. असेम्बल पीसीतला प्रोसेसर डेस्कटॉपचा असतो; सडपातळ ऑल-इन-वनमधला बहुतेक वेळा लॅपटॉपचा. आणि प्रोसेसरच नव्हे, तर रॅम, डिस्क, पंखा, वाय-फाय कार्ड, वीजपुरवठ्याची रीत, सगळेच लॅपटॉपचे. पडद्याच्या पाठीमागे, बॅटरी काढून घेतलेला एक लॅपटॉप उभा केलेला असतो. यात लबाडी काही नाही. त्यामागे पदार्थविज्ञानाचे आणि बाजाराचे सरळ कारण आहे. पण ते ठाऊक नसताना केलेली खरेदी नागपुरात जास्त महागात पडते. ज्या गोष्टीपायी कंपन्यांना लॅपटॉपचे भाग वापरावे लागतात ती म्हणजे उष्णता, आणि आपल्याकडे तिचा मुक्काम मार्चपासून जूनपर्यंत असतो.

हे यंत्र नेमके कोणत्या जातीचे, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता, आणि तोही आपल्याच राज्यातल्या न्हावा शेवा बंदरावरून. तिथल्या सीमाशुल्क खात्याचे म्हणणे असे की, ऑल-इन-वनचे वजन दहा किलोच्या आत भरते, तेव्हा शुल्काच्या तक्त्यात ते 'पोर्टेबल' संगणकांतच धरले पाहिजे. एचपी आणि लेनोवो या कंपन्यांना ते मान्य नव्हते. १७ जानेवारी २०२३ रोजी न्या. सूर्य कांत आणि न्या. विक्रम नाथ यांच्या खंडपीठाने कंपन्यांच्या बाजूने निकाल दिला. वजन कमी आहे एवढ्यावरून वस्तू पोर्टेबल ठरत नाही; या यंत्राला सतत बाहेरची वीज लागते, उभे राहायला पाया लागतो, रोज सोबत घेऊन फिरायचे ते साधन नव्हे, असा त्या निकालाचा आशय होता. पुढे त्याच वर्षी ३ ऑगस्टला परकीय व्यापार महासंचालनालयाने लॅपटॉप आणि टॅब्लेटच्या आयातीवर परवान्याची अट घालणारी अधिसूचना काढली, तेव्हा त्या यादीत ऑल-इन-वनचेही नाव होते. वापर पाहिला तर न्यायालयाचे म्हणणे पटण्यासारखेच आहे. खरेदी करणाऱ्याने मात्र वापराबरोबर आतले भागही पाहायला हवेत.

मुळापासून पाहू. प्रोसेसर जेवढी वीज खातो, तेवढी जवळजवळ सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. ६५ वॅट खाणारा प्रोसेसर म्हणजे नखाएवढ्या जागेत ६५ वॅटचा हीटर. ती उष्णता तिथून काढली नाही तर काही सेकंदांत तापमान शंभराच्या घरात जाते, आणि मग प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी आपणहून मंद होतो.

इंटेलच्या बाराव्या पिढीतले तीन प्रोसेसर शेजारी ठेवून पाहा. कोअर आय५-१२४०० हा डेस्कटॉपचा. त्याची मूळ मर्यादा ६५ वॅट, आणि जोर लावतो तेव्हा तो ११७ वॅटपर्यंत जातो. आय५-१२४००टी हा त्याचाच लगाम घातलेला भाऊ. मूळ मर्यादा ३५ वॅट, जोरात ७४. तिसरा आय५-१२३५यू, खास लॅपटॉपसाठी घडवलेला. मूळ मर्यादा १५ वॅट, जोरात ५५. तिघांच्या नावात आय५, तिघेही एकाच पिढीचे, आणि विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये तिघेही बारा थ्रेड दाखवतात. माहितीपत्रकावरच्या मोठ्या अक्षरांतून त्यांच्यातला फरक कळायचा काही मार्गच नाही. प्रत्यक्षात पहिल्यात सहा दमदार कोअर आहेत, तर तिसऱ्यात दमदार दोनच आणि वीज वाचवणारे छोटे आठ.

आता यांना थंड कसे ठेवतात ते पाहा. कॅबिनेटमध्ये जागा मुबलक असते. प्रोसेसरवर वीतभर उंचीचा हीटसिंक बसवता येतो, त्याला १२० मिलिमीटरचा पंखा लावता येतो, कॅबिनेटच्या पुढे-मागे आणखी दोन पंखे. मोठा पंखा सावकाश फिरूनही भरपूर हवा ढकलतो, त्यामुळे आवाजही कमी. ऑल-इन-वनच्या पाठीत मात्र सगळे मिळून दोन-तीन सेंटिमीटरची जागा असते, आणि पुढचा भाग पडद्यानेच व्यापलेला. तिथे उभा हीटसिंक मावत नाही. मग लॅपटॉपची रीत वापरतात: प्रोसेसरवर चपटी तांब्याची नळी, जिच्या आत अगदी थोडे पाणी असते. गरम टोकाला त्या पाण्याची वाफ होते, वाफ दुसऱ्या टोकाला पळते, तिथे थंड होऊन पुन्हा पाणी बनते. त्या टोकाला बारीक पात्यांची जाळी आणि सेंटिमीटरभर जाडीचा ब्लोअर. फार हुशारीची योजना आहे ही, पण तिच्या आवाक्याला हद्द आहे. पातळ ब्लोअरने जास्त हवा ढकलायची तर त्याला जोरात फिरावे लागते, आणि शांत खोलीत ती घरघर ऐकणाऱ्याला नको होते. त्यात पडदा अगदी जवळ. पडद्याच्या दिव्यांचीही स्वतःची उष्णता असते, आणि मागून सतत भाजत राहिला तर पडद्याचे आयुष्य घटते. म्हणजे बनवणाऱ्यापुढे पर्याय दोनच राहतात: पाठ जाड करा, नाहीतर कमी वॅटचा प्रोसेसर घ्या. गिऱ्हाईक पातळ यंत्र पाहून भुलते, म्हणून दुसरा पर्याय निवडला जातो.

अ‍ॅपलच्या आयमॅकचा इतिहास म्हणजे याच ओढाताणीचा इतिहास. २००४ साली आलेल्या आयमॅक जी५मध्ये पाच सेंटिमीटर जाडीत जी५ प्रोसेसर बसवला होता. जी५ इतका तापायचा की तो अ‍ॅपलच्या लॅपटॉपमध्ये कधी बसवताच आला नाही. त्या आयमॅकमधले वीजपुरवठ्याचे आणि मदरबोर्डवरचे कपॅसिटर खराब होण्याच्या इतक्या तक्रारी आल्या की कंपनीला वॉरंटीबाहेर खास दुरुस्ती योजना चालवावी लागली. १० जानेवारी २००६ रोजी अ‍ॅपलने इंटेलवर आधारलेला आयमॅक आणि मॅकबुक प्रो एकाच दिवशी जाहीर केले, आणि दोन्हींत इंटेलचा लॅपटॉपसाठीचा कोअर ड्युओ हाच प्रोसेसर होता. मधल्या काळात मोठ्या आयमॅकमध्ये पुन्हा डेस्कटॉपचे प्रोसेसर आले, पण २०२१च्या २४ इंची आयमॅकची जाडी अवघी ११.५ मिलिमीटर झाली, आणि त्यातला एम१ प्रोसेसर हा आधीच्या वर्षी मॅकबुक एअरमध्ये आलेला तोच. त्या जाडीत वीजपुरवठाही मावला नाही. १४३ वॅटचा अ‍ॅडॅप्टर बाहेर ठेवावा लागला, आणि हेडफोनची पिन मागून आत जाण्याइतकी खोली नाही म्हणून ती जागा बाजूला आणावी लागली. एम१ चांगला प्रोसेसर आहे याबद्दल वाद नाही. मुद्दा एवढाच की जाडी आधी ठरते आणि आतले भाग त्या जाडीनुसार निवडले जातात.

बाकीच्या भागांचे गणित सोपे आहे. डेस्कटॉपची रॅमपट्टी १३ सेंटिमीटरहून जरा लांब असते आणि मदरबोर्डवर उभी राहते. लॅपटॉपची पट्टी तिच्या निम्मी, आणि आडवी निजते. डेस्कटॉपची जुनी हार्ड डिस्क इंचभर जाड, लॅपटॉपची सात मिलिमीटर. आताची एम.२ एसएसडी तर च्युइंगगमच्या पट्टीएवढी, तिथे दोघांत फरक उरलेला नाही. डेस्कटॉपचा वीजपुरवठा, म्हणजे एसएमपीएस, हा अख्खा डबा असतो, १५ सेंटिमीटर रुंद आणि साडेआठ सेंटिमीटर उंच. तो पातळ पाठीत जाणे शक्यच नाही. म्हणून २३० व्होल्टचे एकोणीस-वीस व्होल्ट करणारा अ‍ॅडॅप्टर यंत्राबाहेर, जमिनीवर.

बाजाराचे कारण थोडक्यात सांगतो. लॅपटॉप जेवढे खपतात त्याच्या तुलनेत ऑल-इन-वन फारच थोडे. एवढ्या कमी मालासाठी निराळे पंखे, निराळ्या नळ्या, निराळे बोर्ड घडवणे कोणत्याही कंपनीला परवडत नाही. लॅपटॉपसाठी लाखोंनी बनणारे भाग तयार असतात, तेच इथे वापरले जातात. इंटेलने साधारण २०११च्या सुमारास थिन मिनी-आयटीएक्स नावाचे १७ सेंटिमीटर चौरस बोर्डाचे माप आणले होते. त्यामुळे स्थानिक दुकानदारालाही ऑल-इन-वन जुळवता आले असते आणि त्यात डेस्कटॉपचा प्रोसेसर बसला असता. ते माप घराघरांत पोचले नाही याची मला खरोखर खंत वाटते. आपल्या दुरुस्तीवाल्यांच्या हाती ते एक चांगले साधन आले असते.

आता नागपूर. भारतीय हवामान खात्याच्या नोंदीत शहराचे सर्वोच्च तापमान ४७.९ अंश आहे, २३ मे २०१३ रोजीचे. मे महिन्यात ४२-४३ अंश ही इथली रोजची गोष्ट, आणि नवतपात पारा त्याच्याही वर जातो. हे आकडे सावलीतले आहेत. गच्चीखालच्या, पश्चिमेच्या भिंतीच्या खोलीत रात्री दहालाही भिंत हाताला गरम लागते हे आपल्याला ठाऊक आहे. आता ऑल-इन-वनच्या माहितीपत्रकातली बारीक अक्षरे वाचा. वापरासाठी योग्य तापमान म्हणून अनेक कंपन्या १० ते ३५ अंश लिहितात. एसी नसलेली नागपूरची खोली मे महिन्यात दिवसभर या मर्यादेबाहेर असते.

याचा परिणाम किती होतो त्याचा ढोबळ हिशेब मांडता येतो. उष्णता बाहेर जाण्याचा वेग गरम वस्तू आणि आजूबाजूची हवा यांच्या तापमानातल्या फरकावर अवलंबून असतो. प्रोसेसरची सहनशक्ती १०० अंशांपर्यंत धरू. खोली २५ अंशांवर असेल तर फरक ७५ अंशांचा. खोली ४० अंशांवर असेल तर ६०. म्हणजे तोच पंखा, तीच नळी, पण बाहेर जाणारी उष्णता एक-पंचमांशाने कमी. मोठ्या हीटसिंकच्या कॅबिनेटला हा फटका सोसतो, कारण त्याची क्षमता मुळात गरजेपेक्षा जास्त असते. पातळ ऑल-इन-वनमध्ये अशी शिल्लक ठेवलेली नसते. तिथे प्रोसेसर आपली गती कमी करतो, आणि आपण म्हणतो, "दुपारी मशीन हँग होते." बऱ्याचदा त्यात व्हायरस नसतो की विंडोजचा दोष. खोली तापलेली असते.

मग घ्यायचेच नाही का? असे मी म्हणणार नाही. लॅपटॉपच्या प्रोसेसरचा स्वभाव समजून घेतला तर तो कुठे पुरतो आणि कुठे नाही हे कळते. आय५-१२३५यू सुरुवातीचे काही सेकंद ५५ वॅटपर्यंत झेप घेतो आणि मग हळूहळू आपल्या मूळ मर्यादेकडे परततो. वर्ड उघडणे, टॅलीत नोंद करणे, पंचवीस टॅब उघडून जीएसटीचे विवरण भरणे, रुग्णाची फाइल काढणे, ऑनलाइन क्लास पाहणे ही सगळी कामे झेपेची आहेत: दोन सेकंद जोर, मग विसावा. तिथे तुम्हाला डेस्कटॉपच्या प्रोसेसरशी फरक जाणवणारही नाही. लग्नाचा दोन तासांचा व्हिडिओ एडिट करून काढणे, ऑटोकॅडवर इमारतीचे त्रिमित चित्र रेंडर करणे, गेम तासन्‌तास खेळणे ही कामे सलग दमाची. तिथे यू अक्षराचा प्रोसेसर मागे पडतो, आणि मे महिन्यात आणखी मागे. छायाचित्रकार, आर्किटेक्ट आणि इंजिनीअरिंगला जाणाऱ्या मुलांच्या पालकांना माझे स्पष्ट सांगणे आहे: सडपातळ ऑल-इन-वन तुमच्यासाठी नाही. त्याच पैशात असेम्बल पीसी घ्या.

एक गोष्ट ऑल-इन-वनच्या बाजूने सांगायला हवी. तोच प्रोसेसर लॅपटॉपपेक्षा ऑल-इन-वनमध्ये पुष्कळदा बरा चालतो. यंत्र उभे असते, गरम हवा आपसूक वर जाते, खालून थंड हवा येते. गादीवर ठेवून कोणी त्याचा श्वास कोंडत नाही, आणि तापणारी बॅटरी आत नसते. विजेचा खर्चही कमी. पडद्यासकट पन्नास वॅटच्या आसपास धरले तर आठ तासांत अर्ध्या युनिटपेक्षाही कमी. दिवसभर सुरू राहणाऱ्या काउंटरसाठी हा फायदा लहान नाही.

दुकानात गेल्यावर 'आय५ आहे का' असे विचारू नका. प्रोसेसरचे पूर्ण नाव विचारा आणि शेवटचे अक्षर पाहा. यू म्हणजे पंधरा वॅटच्या आसपासचा, हलक्या कामाचा. एच म्हणजे पंचेचाळीस वॅटचा, लॅपटॉपचाच पण दमदार. आय५-१३४२०एच असलेले ऑल-इन-वन चांगला मधला मार्ग आहे, मात्र त्याची पाठ थोडी जाड आणि जाळ्या मोठ्या आहेत ना, हे हात लावून बघा. टी म्हणजे लगाम घातलेला डेस्कटॉप प्रोसेसर. तो सॉकेटमध्ये बसतो, म्हणजे उद्या बिघडला तर काढून बदलता येतो. यू आणि एच बोर्डावर डाग देऊन पक्के केलेले असतात. एचपी प्रोवन आणि डेल ऑप्टिप्लेक्स या कार्यालयीन मालिकांतल्या काही ऑल-इन-वनमध्ये टी मिळतो. घरगुती मालिकांत तो शोधावा लागेल. इंटेलच्या नव्या नावांत 'आय' गळून 'कोअर ५ १२०यू' किंवा 'कोअर अल्ट्रा ५ १२५एच' असे लिहितात, पण शेवटच्या अक्षराचा ढोबळ अर्थ तोच; वॅटचा आकडा मात्र वेगळा असू शकतो, तो विचारून घ्या.

एएमडीत एक निराळा सापळा आहे. रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५३०यू ही नावे जवळजवळ सारखी. पण त्यांच्या नावातला तिसरा आकडा आतल्या रचनेची पिढी सांगतो. ७५२०यूमध्ये जुन्या रचनेचे चार कोअर आहेत, ७५३०यूमध्ये त्यापुढच्या रचनेचे सहा. एका आकड्याने एवढे अंतर पडते. सर्वांत स्वस्त ऑल-इन-वनमध्ये सेलेरॉन किंवा इंटेल एन१०० दिसतो. टोकन देण्याच्या काउंटरला तो चालेल, पाच वर्षे वापरायच्या घरच्या संगणकाला नाही. ग्राफिक्स कार्डाचेही तसेच. आरटीएक्स ३०५० हे नाव डेस्कटॉपच्या १३० वॅटच्या कार्डालाही आहे आणि लॅपटॉपच्या ३५ ते ८० वॅटच्या चिपलाही. ऑल-इन-वनमध्ये असेल ती दुसरी.

रॅमबद्दल एकच प्रश्न: पट्टी बदलता येते की बोर्डावर पक्की आहे? पक्की असेल तर १६ जीबीखाली घेऊ नका. आणि जमले तर दुकानात दहा मिनिटे थांबून प्रोसेसरवर ताण देणारी चाचणी चालवून घ्या. सिनेबेंच फुकट मिळते, आणि त्याची नेहमीची चाचणी दहा मिनिटांचीच असते. पहिल्या मिनिटाचा वेग आणि दहाव्या मिनिटाचा वेग यांत किती फरक पडला, एवढेच पाहायचे. चांगला दुकानदार याला नाही म्हणत नाही. दुकानात एसी असतो हे मात्र ध्यानात ठेवा. तुमच्या खोलीत त्याहून वाईट आकडा येणार.

घरी आणल्यावर यंत्राची जागा विचारपूर्वक ठरवा. पश्चिमेची भिंत टाळा. मागे निदान वीतभर मोकळी जागा सोडा. फर्निचरच्या कप्प्यात बसवलेले ऑल-इन-वन दिसते छान, पण आपलीच गरम हवा पुन्हा आत ओढत राहते. भिंतीवर टांगायचे असेल तर जाळ्या भिंतीला टेकणार नाहीत असा ब्रॅकेट घ्या.

कूलरबाबत विशेष काळजी हवी, कारण नागपूरचा उन्हाळा कूलरवरच निघतो. आपल्या मे महिन्यातली हवा कोरडी असते म्हणून कूलर खोली तिशीच्या आसपास आणू शकतो, आणि हे यंत्राच्या फायद्याचेच आहे. पण कूलरचा झोत थेट यंत्राच्या पाठीवर येऊ देऊ नका. त्या हवेत पाण्याचे तुषार असतात, ताट्यांच्या गवताचा भुसा असतो, आणि बोअरवेलचे पाणी वापरत असाल तर क्षारही असतात. ब्लोअरच्या बारीक पात्यांत हा भुसा आणि धूळ मिळून नमद्यासारखा थर बसतो. आधीच अरुंद असलेली वाट बुजली की पंधरा वॅटही बाहेर जात नाहीत. रस्त्यांची कामे चालू असलेल्या वस्त्यांत आणि कोराडी-खापरखेड्याकडे, जिथे औष्णिक केंद्रांची राख हवेत असते, तिथे हे आणखी लवकर होते. म्हणून वर्षातून एकदा, फेब्रुवारी-मार्चमध्ये, ऊन चढायच्या आत, जाणत्या माणसाकडून पाठ उघडून पंखा साफ करून घ्या आणि दोन-तीन वर्षांनी थर्मल पेस्ट बदलून घ्या. पडदा एकसंध असल्याने घरच्या घरी उघडायचा प्रयत्न करू नका. पुष्कळ मॉडेलांत आत जायची वाट पडद्याच्या बाजूने असते आणि काच तिथेच तडकते.

विजेच्या बाबतीत ऑल-इन-वन सोशिक आहे. अ‍ॅडॅप्टरवर बहुधा १०० ते २४० व्होल्ट लिहिलेले असते, त्यामुळे कमी दाबाने ते सहसा बंद पडत नाही, आणि दाब एकदम वाढला तर पुष्कळदा अ‍ॅडॅप्टर जळून बोर्ड वाचतो. साधा ६०० व्हीएचा यूपीएस त्याला पुरतो, आणि तोच यूपीएस असेम्बल पीसीपेक्षा जास्त वेळ साथ देतो. अ‍ॅडॅप्टर बदलायची वेळ आली तर व्होल्ट तेवढेच आणि वॅट तेवढे किंवा जास्त, हा नियम मोडू नका. ९० वॅटच्या जागी ६५चा लावला तर काही यंत्रे सुरू होतात पण मुद्दाम सावकाश चालतात, आणि दोष प्रोसेसरवर ढकलला जातो. बीआयएसची नोंदणी खूण नसलेला अ‍ॅडॅप्टर कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. मृगाच्या आधीच्या गडगडाटात विजेची पिनच नव्हे, तर इंटरनेटची वायरही काढून ठेवा. बोर्डापर्यंत पोचायला विजेला ती वाट पुरते.

दुरुस्ती हा या यंत्राचा खरा कच्चा दुवा. असेम्बल पीसीत मॉनिटर गेला तर मॉनिटर बदलतो, मदरबोर्ड गेला तर मदरबोर्ड. ऑल-इन-वनमध्ये बोर्ड गेला की धडधाकट पडदाही निकामी होतो. म्हणून एक सोय विकत घेतानाच पाहा: बाहेरून चित्र आत घेणारे एचडीएमआय इन. ते असेल तर आतला संगणक बंद पडल्यावरही पडदा साधा मॉनिटर म्हणून वर्षानुवर्षे वापरता येतो. नसेल तरी पडदा भंगारात टाकायची घाई नको. कुशल दुरुस्तीवाले त्याला वेगळा कंट्रोलर बोर्ड लावून मॉनिटर करून देतात. चार-सहा वर्षांपूर्वीचे, फिरणारी हार्ड डिस्क असलेले ऑल-इन-वन तुमच्याकडे पडून असेल तर त्यात एसएसडी टाकून बघा. कित्येक कार्यालयांत नवे यंत्र घेण्याची गरजच त्यामुळे टळेल. जुने विकत घेणाऱ्यांनी मात्र प्रोसेसरची पिढी तपासावी. मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला, आणि विंडोज ११साठी इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढची लागते. सातव्या पिढीचे देखणे यंत्र कितीही स्वस्त मिळत असले तरी ते सोडून द्या.

टेबल मोकळे हवे आणि दुरुस्तीही सोपी हवी, अशा दोन्ही इच्छा असणाऱ्यांना माझी शिफारस मिनी पीसीची आहे. लेनोवोचा टायनी, डेलचा मायक्रो, एचपीचा मिनी हे जाडजूड पुस्तकाएवढे डबे साध्या मॉनिटरच्या पाठीला ब्रॅकेटने लावता येतात. त्यांतही रॅम लॅपटॉपचीच आणि अ‍ॅडॅप्टरही बाहेरच, पण पुष्कळ मॉडेलांत प्रोसेसर टी अक्षराचा असतो, पंखा साफ करायला एक स्क्रू पुरतो, आणि पडदा व संगणक एकमेकांच्या मरणाला बांधलेले नसतात. नागपूरच्या लहान कार्यालयांसाठी आणि दवाखान्यांसाठी हीच जोडी मी ऑल-इन-वनच्या वर ठेवतो. तरीही ऑल-इन-वनच घ्यायचे ठरले तर बिल करायच्या आधी प्रोसेसरचे पूर्ण नाव बिलावर लिहून मागा. 'आय५, १६ जीबी' एवढ्यावर सही करू नका.